इंदूरचा गळा, दिल्लीचा बँड आणि ‘पारंपरिक’ नावाचा रकाना

२०१५ साली आलेल्या ‘मसान’ चित्रपटातलं ‘तू किसी रेल सी’ हे गाणं बहुतेकांच्या कानावरून गेलेलं आहे. गायलंय इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांनी. घर मराठी, आई-वडील देवासच्या कुमार गंधर्वांकडे शिकलेले. चित्रपटाचे दिग्दर्शक नीरज घायवान हेही मराठी घरातले, वाढले हैदराबादेत. पण या गाण्याची चाल कुणाची, असं विचारलं की पुष्कळ जण अडखळतात. एखाद्या संगीतकाराचं नाव आठवायला जातात. चाल एका माणसाची नाहीच, ती ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची आहे.

या बँडला कुणी फ्यूजन म्हणतं, कुणी रॉक. गिटार, बेस, ड्रम्स आणि सोबत तबला असा त्यांचा साज. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेल्या या बँडमध्ये राहुल राम १९९१ साली आले. ते बेस वाजवतात, म्हणजे खर्जातली जाड तारांची गिटार, आणि गातातही. केस मोकळे, आवाज मोठा, स्टेजवर गप्पा भरपूर. मंचावरचे राहुल राम अनेकांना माहीत असतात. त्यांचं बँडबाहेरचं काम मात्र तुकड्या-तुकड्यानं माहीत असतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा आपल्या भागातला आहे. नंदुरबार, बडवानी, अलीराजपूर आणि इंदूर यांच्या मधला.

बँड चालतो कशावर?

आपल्याकडे रॉक बँडचं पोट नुसत्या अल्बमवर भरत नाही. कॅसेटच्या काळात भरत नव्हतं, आता मोबाईलवर गाणी फुकट वाजतात तेव्हा तर नाहीच. ‘इंडियन ओशन’नं २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी इंटरनेटवर एकेक करून फुकटच सोडली होती. अल्बमचं नाव म्हणजे दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात बँड तालीम करायचा, त्याचा पत्ता. पैसा येतो तो कार्यक्रमांतून आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या कामातून.

या दुसऱ्या कामाचे दोन प्रकार लोक नेहमी एकत्र करतात. एक साईड प्रोजेक्ट. बँड न मोडता, बँडमध्ये बसत नाही असं काही वेगळ्या माणसांबरोबर करणं. सुष्मित सेन यांनी बँडमध्ये असतानाच स्वतःचा वेगळा गट काढला, पुढे २०१३ साली ते बाहेरच पडले. राहुल राम यांचा साईड प्रोजेक्ट म्हणजे २०१४च्या सुमारास सुरू झालेला ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’. वरुण ग्रोवर आणि संजय राजौरा यांचे विनोद आणि राहुल राम यांची विडंबनगीतं. त्यातलं भारत-पाकिस्तान सरहद्दीवरचं गाणं ‘पडोसन’मधल्या किशोरकुमारच्या खिडकीच्या गाण्याच्या चालीवर आहे. म्हणजे खंडव्यात जन्मलेल्या आणि इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या माणसाच्या गळ्यातली चाल सरहद्दीवर जाऊन पोहोचली.

दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या गरजेनुसार संगीत करून देणं. ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत या बँडनं केलं, शब्द पीयूष मिश्रांचे. ‘पीपली लाइव्ह’मध्ये त्यांची गाणी आली. मग ‘मसान’. इथे बँड मालक नसतो. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, गीतकार शब्द देतो, आणि कधी कधी गळाही बाहेरचा घ्यावा लागतो. घरात राहुल राम, हिमांशु जोशी यांच्यासारखे गाणारे असताना ‘तू किसी रेल सी’साठी किरकिऱ्यांना बोलावलं, हा निर्णय बँडमधल्या माणसांना सोपा गेला असेल असं वाटत नाही. पण गाणं ऐकलं की पटतं. त्या प्रसंगाला सफाईदार गळा नकोच होता, जरा कच्चा, बोलल्यासारखा आवाज हवा होता.

नर्मदेकाठची वर्षं

राहुल राम यांचं शिक्षण रसायनशास्त्रातलं. आयआयटी कानपूर आणि मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएचडी. असा माणूस परत येऊन एखाद्या प्रयोगशाळेत चिकटला असता. ते आले नर्मदा बचाओ आंदोलनात. नव्वदच्या दशकाची पहिली काही वर्षं एकीकडे दिल्लीत बँड आणि दुसरीकडे नर्मदेचं खोरं, अशी त्यांची ये-जा होती.

तो काळ आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातली २४५ गावं तीन राज्यांत वाटलेली. मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३, गुजरातमधली १९. महाराष्ट्रातली सगळी अक्कलकुवा आणि धडगाव भागातली. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, ते सगळं धुळ्यात होतं. मणिबेलीला पावसाळ्यात पाणी चढायचं आणि माणसं घरातून हलायची नाहीत. राज्यांच्या सीमा कागदावर होत्या. काठावर भिलाली, पावरी, निमाडी आणि मराठी अशा सरमिसळ बोलीत बैठका चालायच्या. आणि बैठक म्हटली की गाणं आलंच. भाषण कुणाला कळो न कळो, गाणं सगळे उचलतात.

‘मा रेवा’ हे गाणं राहुल राम यांना मिळालं ते या खोऱ्यात. रेवा म्हणजे नर्मदाच. निमाडच्या बोलीतलं नदीच्या पाण्याचं कौतुक करणारं हे लोकगीत २००० साली ‘कंदिसा’ या अल्बममध्ये आलं आणि देशभरातल्या कॉलेजांच्या पोरांना पाठ झालं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि धरणाचं थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं. मुंबई-बंगळूरच्या मैदानांत हजारो पोरं नदीचं नाव ओरडत होती, त्यातल्या कितीकांना ती नदी कुठली आणि त्या काठावर काय चाललंय हे माहीत होतं, हा प्रश्नच आहे. पुढे २०१४च्या ‘तंदानु’ अल्बममध्ये ‘चीतू’ आलं. तेही खोऱ्यातूनच आलेलं, अलीराजपूर भागात इंग्रजांच्या काळात बंड केलेल्या आदिवासी पुढाऱ्याचं गाणं.

म्हणजे हिशोब उलटा आहे. सहसा बँड हे मुख्य काम असतं आणि बाहेरच्या कामातून घर चालतं. इथे बाहेरच्या कामानं, ज्यात पैसा नव्हताच, बँडला त्याची सगळ्यात लोकप्रिय गाण्यांपैकी एक चीज दिली.

इंदूरचा या सगळ्याशी संबंध काय? एक तर पिण्याचं पाणी. १९७८ पासून इंदूरच्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेलं पाणी सुमारे ७० किलोमीटर लांब, विंध्याचा चढ चढून शहरात पोहोचतं. दुसरं, चार राज्यांत पाण्याचा आणि पुनर्वसनाचा मेळ घालणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण इंदूरलाच आहे, त्यामुळे खोऱ्यातल्या माणसांना गाऱ्हाणं घेऊन इथेच यावं लागायचं. रेवेचं पाणी पिणारं शहर आणि रेवेचं गाणं म्हणणारी गावं यांची गाठ अशी सरकारी कचेरीच्या दारात पडत आली आहे.

नाव कुणाचं लागतं?

आता मूळ मुद्दा. ‘तू किसी रेल सी’चा मुखडा दुष्यंत कुमार यांच्या गझलेतून घेतलाय. पुढचे शब्द वरुण ग्रोवर यांचे. चित्रपट करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट आवर्जून सांगितली. सांगायला हवीच होती. भोपाळला राहिलेले दुष्यंत कुमार १९७५ साली वारले. आपल्या कायद्यात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०३५ संपेपर्यंत त्या ओळींना धनी आहे. म्हणून या एका गाण्यात कवी, गीतकार, संगीतकार, गायक असे सगळे आपापल्या नावानिशी उभे आहेत.

‘मा रेवा’ला कवी नाही. असला तरी कुणाला ठाऊक नाही. तिथे रकान्यात ‘पारंपरिक’ एवढाच शब्द येतो. तो खोटा नाही. लोकगीत कुणा एकाचं नसतं, आणि कॉपीराइट कायद्यात लोकगीताला वेगळा धनी मानलेला नाही. ते कुणीही घ्यावं, गावं. पण जो ते घेऊन नव्यानं बांधतो, त्याच्या त्या बांधणीला मात्र हक्क मिळतो. आणि जी कंपनी ते रेकॉर्ड करते तिचा त्या ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क राहतो. २००० साली निघालेल्या मुद्रणाचा हक्क असा २०६० पर्यंत चालतो. गाणं सगळ्यांचं, मुद्रण एकाचं.

यात बँडनं काही वावगं केलं असं म्हणायचं नाही. राहुल राम मंचावर गाणं कुठून आलं ते सांगतात, आणि ती वर्षं त्यांनी खोऱ्यात स्वतः घालवली आहेत. स्टुडिओत बसून पेन ड्राइव्हवरून लोकगीत उचलणाऱ्यांपेक्षा हे फार वेगळं. अडचण रकान्याचीच आहे. ‘पारंपरिक’ म्हटलं की गावाचं नाव जातं, बोली जाते, कुणाच्या तोंडून ऐकलं ते जातं.

हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे हवापालटासाठी देवासला आले आणि अंथरुणावर पडल्या-पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. त्या धुनांतून त्यांनी मालवती, लगन गंधार असे राग बांधले. त्या रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं, म्हणजे उगम धुनेत आहे हे नावातच सांगून टाकलं. बायकांची नावं तिथेही नाहीत, पण माळवा आहे. निदान तेवढं तरी असावं.

इंदूरच्या पोरांसाठी

इंदूरला स्वतःचे रॉक बँड आहेत. २००६ साली सुरू झालेला ‘निकोटीन’ हा मध्य भारतातल्या पहिल्या मेटल बँडांपैकी एक, गायक दिग्विजय भोसले. त्याच्या यादीत गोखले, मलकापूरकर अशी आडनावं दिसतात, होळकरांच्या शहरात त्याचं नवल नाही. आज घराघरात लॅपटॉप आणि माईक आहे. खरगोन-बडवानीचे गाणारे, सेंधवा-शिरपूरचे ढोलवाले इंदूरच्या छोट्या स्टुडिओंत येतात, आणि गिटार वाजवणारा एखादा पोरगा त्यांचं गाणं ‘प्रोड्यूस’ करून देतो. इथे एक शब्दाचा घोळ समजून घ्यायला हवा.

बोलण्यात म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे गाण्याला आकार देणारा माणूस. साज ठरवणारा, आवाज नीट बसवणारा. कायद्यातला प्रोड्यूसर वेगळा, ज्यानं मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. बहुतेकदा ती कंपनी असते, नाहीतर ज्यानं पैसे भरले तो. रात्र-रात्र जागून गाणं घडवणाऱ्याचा लेखी करार नसेल तर मुद्रणावर त्याचा हक्क नसतो, ठरलेले पैसे घेऊन तो मोकळा. २०१२ साली कायदा बदलला तेव्हा गीतकार आणि संगीतकार यांना मोठा आधार मिळाला. आपला रॉयल्टीचा वाटा त्यांना आता कंपनीच्या नावे कायमचा लिहून देता येत नाही, दिला तरी तो टिकत नाही. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवर हक्क आला. गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करते आयपीआरएस ही संस्था, गायकांसाठी इसामरा (पूर्वीची इसरा) आहे. पण सभासद झाल्याशिवाय आणि गाणं नोंदवल्याशिवाय हातात काही पडत नाही.

निमाडच्या म्हाताऱ्या गाणारणीला संगीतकाराचा हक्क मिळणार नाही, कारण गाणं तिनं रचलेलं नाही. पण तिचा आवाज मुद्रणात असेल तर ती गायिका आहे, आणि गायिकेचा हक्क तिला आहे. ऑनलाइन गाणं चढवताना जो अर्ज भरावा लागतो त्यात संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिता येतं. गाणाऱ्याचा रकाना त्याच्या खाली वेगळा असतो. तिथे तिचं पूर्ण नाव लिहायचं, आणि वर्णनाच्या चौकटीत गाव, तालुका आणि बोली.