थायरॉइड आणि पित्ताशयातील खडे

पित्ताशयातील खडे आणि थायरॉइडची कमतरता हे दोन आजार एकाच व्यक्तीत आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. दोन्ही स्त्रियांमध्ये अधिक, दोन्ही चाळिशीनंतर वाढणारे आणि दोन्ही वर्षानुवर्षे गाजावाजा न करता शरीरात मुक्काम ठोकणारे. त्यामुळे एकाच फायलीत पोटाच्या सोनोग्राफीत दिसलेले खडे आणि वाढलेला टीएसएच असे दोन्ही अहवाल सापडले, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळपास ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. इतका सर्रास आढळणारा आजार खड्यांच्या रुग्णांतही दिसणारच. मात्र योगायोग वजा केला तरी थोडा संबंध उरतो. तो समजून घ्यायचा, तर पित्तरसाची वाट आधी पाहावी लागते.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. जेवणांच्या मधल्या वेळेत तो पित्ताशयात साठतो आणि तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन तो दाट होतो. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की पित्ताशय आकुंचन पावते आणि रस पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो. या रसात कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पित्तक्षार कमी पडले की, पाक जास्त आटल्यावर साखर खडे धरते तसे कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटू लागतात. नुसते स्फटिक सुटल्याने मात्र खडा होत नाही. पित्ताशय वेळेवर रिकामे झाले तर ते वाहून जातात. रस तुंबून राहिला तरच त्यांना एकमेकांना चिकटून वाढायला सवड मिळते. रक्तपेशींच्या विघटनातून होणारे काळे रंगद्रव्याचे खडे वेगळे. त्यांचा थायरॉइडशी असा संबंध नाही.

थायरॉइडचे संप्रेरक या वाटेवर एकाहून अधिक ठिकाणी काम करते. रक्तातील कोलेस्टेरॉल खेचून घेणारे यकृताच्या पेशींवरील ग्राहक त्याच्यामुळे वाढतात, आणि कोलेस्टेरॉलचे पित्तक्षारांत रूपांतर करणाऱ्या विकरावरही त्याचा परिणाम होतो. संप्रेरक कमी पडले की रक्तातले कोलेस्टेरॉल चढते. म्हणूनच कोलेस्टेरॉल कारणाविना वाढलेले दिसले तर जाणते डॉक्टर त्यावरच्या गोळ्या सुरू करण्याआधी टीएसएच तपासून घेतात. पण रक्तात कोलेस्टेरॉल जास्त म्हणजे पित्तातही तितकेच जास्त, असा सरळ हिशेब नसतो. खड्यांच्या बाबतीत अधिक वजनदार पुरावा दुसरीकडे मिळतो, तो पित्ताच्या प्रवाहात.

पित्तनलिका लहान आतड्यात जेथे उघडते, तेथे एक गोलाकार स्नायू असतो. रुग्गेरो ओडी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो ओडीचा स्नायू. तो सैल पडला की पित्त आतड्यात उतरते, आवळला की अडते. फिनलंडमधील टाम्पेरे येथील संशोधकांनी या स्नायूचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा थायरॉक्सिनमुळे तो सैलावतो असे दिसले. पुढे थायरॉइड ग्रंथी काढलेल्या मोजक्या रुग्णांत त्यांनी किरणोत्सारी द्रव्याच्या साह्याने पित्ताचा वेग मोजला. संप्रेरक कमी असताना पित्त आतड्यात उशिरा पोहोचत होते. याच गटाने २००७ साली खड्यांच्या रुग्णांतील सुप्त कमतरतेचे, म्हणजे टीएसएच वाढलेला पण टी-४ अजून सामान्य अशा अवस्थेचे, प्रमाण प्रसिद्ध केले. पित्तनलिकेत खडे असलेल्यांत ते ५.३ टक्के, पित्ताशयात खडे असलेल्यांत ५ टक्के आणि खडे नसलेल्यांत १.४ टक्के होते. साठीपुढच्या स्त्रियांत ही तफावत आणखी ठळक होती.

याच्या शेजारी उत्तर जर्मनीतील पोमेरेनिया भागाची पाहणी ठेवली की चित्र थोडे गुंतागुंतीचे होते. तेथे वाढलेल्या टीएसएचचा आणि खड्यांचा स्वतंत्र संबंध पुरुषांत दिसला, स्त्रियांत नाही. स्त्रियांत खडे होण्यामागे इस्ट्रोजेन, गर्भारपण, वजन अशी बलवत्तर कारणे आधीच असतात; त्यांच्या गर्दीत थायरॉइडचा वाटा झाकला जात असावा, असा एक तर्क करता येतो. एकूण पाहता थायरॉइडची कमतरता हे खड्यांचे मुख्य कारण नव्हे, पण हातभार लावणारे कारण आहे, एवढे म्हणण्यापुरता पुरावा आहे.

लक्षणांच्या बाबतीत दोन्ही आजारांची सरमिसळ फार होते. पोट फुगणे, मळमळ, जेवणानंतर जडपणा, थकवा यांचे खापर खड्यांवर फोडले जाते. प्रत्यक्षात पोट फुगण्यामागे थायरॉइडच्या कमतरतेने मंदावलेली आतडी आणि बद्धकोष्ठ असू शकते. खड्याची खरी कळ ओळखता येते. ती वरच्या पोटात, मध्यभागी किंवा उजवीकडे उठते, अनेकदा रात्री किंवा तेलकट जेवणानंतर; अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याच्या पाठीमागे जाते आणि कूस बदलून किंवा ढेकर देऊन कमी होत नाही. ‘पित्त झाले’ म्हणून थंड दूध पिऊन काढलेल्या रात्रींपैकी काही या खड्यांच्या असतात. उलट बहुसंख्य खडे काहीच त्रास देत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. अशा मुक्या खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. तेव्हा नुसत्या थकव्यासाठी आणि पोटफुगीसाठी पित्ताशय काढण्याआधी टीएसएचची साधी तपासणी झालेली बरी. नाही तर पित्ताशय जाते आणि तक्रार राहते.

ही तपासणी केव्हा करायची, यालाही महत्त्व आहे. पित्ताशयाला सूज येऊन रुग्ण तापाने फणफणलेला असताना केलेले थायरॉइडचे अहवाल दिशाभूल करू शकतात, कारण कोणत्याही गंभीर आजारात टी-३ आणि कधी कधी टीएसएचही तात्पुरते खाली येतात. ठळक लक्षणे नसतील तर आजार ओसरल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

थायरॉइडमुळे वाढलेले वजन झटपट उतरवण्याचा खटाटोप हा खड्यांकडे नेणारा आणखी एक रस्ता. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन घटू लागले की चरबीतले कोलेस्टेरॉल मोठ्या प्रमाणात पित्तात येते. शिवाय उपासमारीत स्निग्ध पदार्थच पोटात न गेल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही. खडे व्हायला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच असेल.

थायरॉक्सिनच्या गोळीने तयार झालेले खडे विरघळतील, अशी अपेक्षा धरू नये. लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते, पण ते महिनोन्महिने घ्यावे लागते आणि थांबवल्यावर खडे पुष्कळदा परततात. कुळथाचे पाणी लोक मूतखड्यासाठी पितात. मूत्रपिंड आणि पित्ताशय यांचे मार्गच वेगळे असल्याने तोच उपाय येथे लावण्यात अर्थ नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे हिरवट ‘खडे’ हे बहुधा त्या तेलाचेच पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात.

त्रास देणाऱ्या खड्यांवर खात्रीचा उपाय म्हणजे पित्ताशय काढणे. भारतातील पहिली दुर्बिणीतून केलेली अशी शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, आज ती तालुक्याच्या गावीही होते. थायरॉइडची कमतरता सौम्य असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे कारण नसते. कमतरता तीव्र असेल, तर भुलीचा अंमल लांबतो आणि हृदय व श्वसन मंदावण्याचा धोका असतो. म्हणून तातडी नसल्यास आधी उपचार करतात. संप्रेरक अतिरिक्त असताना भूल देणे तर अधिकच धोक्याचे, त्यामुळे तेथेही आधी ते काबूत आणतात. रोजची थायरॉक्सिनची गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. ती एखाद्या दिवशी चुकली तरी बिघडत नाही, कारण थायरॉक्सिन रक्तात निम्म्यावर यायला आठवडाभर लागतो.

पित्ताशय काढल्यानंतर काहींना पित्तक्षारांमुळे जुलाब होतात. त्यासाठी दिली जाणारी कोलेस्टिरामिनची पावडर थायरॉक्सिनलाही आतड्यातच बांधून ठेवते. दोहोंत चार ते सहा तासांचे अंतर नसेल, तर नीट बसलेला टीएसएच पुन्हा चढू लागतो आणि गोळीचा डोस विनाकारण वाढवला जातो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. त्या थायरॉक्सिननंतर चार तासांनी घ्याव्यात.

ज्यांना थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल चालू आहे आणि पित्ताशयात खडेही आहेत, त्यांना कावीळ झाली तर ती नलिकेत अडकलेल्या खड्याची असू शकते, तशीच त्या औषधाचीही. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली तर संशय खड्याकडे जातो. डोळे पिवळे दिसताच काविळीचे गावठी औषध न घेता, चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.