धरणाची मान आणि घराची भिंत

पाटण तालुक्यातल्या एका शिक्षकांनी आपल्या वर्गातला एक प्रश्न आम्हांला सांगितला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून या, असे त्यांनी मुलांना सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, आजीचे घर पडले. मग एवढे मोठे धरण का नाही पडले?"

धरण मजबूत होते म्हणून, असे उत्तर देऊन पुढे जाता येईल. पण ते पुरेसे नाही. त्या पहाटे धरणालाही इजा झाली होती, आणि ती कुठे झाली हे कळल्यावर जगभरच्या धरण-अभियंत्यांना आपली आकडेमोड पुन्हा तपासावी लागली.

आधी घटना पाहू. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरजवळ भूकंप झाला. त्याची तीव्रता रिश्टर मापनावर साडेसहाच्या आसपास मानली जाते. सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरातील बहुतेक दगड-विटांच्या इमारती पडल्या किंवा राहण्याजोग्या उरल्या नाहीत. जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर या भागात लहान धक्के सुरू झाले होते. जलाशयामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर कोयनेइतका अभ्यास क्वचितच कुठे झाला असेल. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे आपल्याला भूकंप का होतो हे पाहायचे नसून, झाल्यावर बांधकामाचे काय होते ते पाहायचे आहे.

एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे निम्मे ठाऊकच असते. चालकाने गाडी एकदम पुढे घेतली की पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहू पाहते. आपल्याला कोणी ढकललेले नसते; ढकलल्यासारखे वाटते ते आपल्याच जडत्वामुळे. भूकंपात इमारतीचे तेच होते. जमीन पाया ओढून नेते, वरचे वजन जागीच राहू पाहते आणि मधला भाग ताणला जातो. म्हणून जेवढे वजन जास्त तेवढा आडवा जोरही जास्त. 'भिंत जाड म्हणजे घर भक्कम' हा आपला जुना समज इथे उलटतो.

हा आडवा जोर किती धरायचा? कोयना धरणाच्या आराखड्यात तो वजनाच्या ५ टक्के धरला होता. म्हणजे १०० टनांच्या भागाला कोणी आडवे ५ टन जोराने रेटते आहे असे मानून हिशेब केला होता. त्या काळच्या रीतीला धरूनच हे होते, आणि दख्खनचे पठार तर स्थिर समजले जाई. या रीतीत आणखी एक गृहीत दडलेले होते: धरण पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच प्रमाणात हलेल, जणू तो एक अखंड ठोकळा आहे.

आधीच्या लहान धक्क्यांमुळे धरणाच्या आतल्या बोगद्यात एक त्वरणलेखक बसवलेला होता. जमिनीच्या हालचालीचा वेग क्षणोक्षणी किती झपाट्याने बदलतो याची नोंद हे यंत्र करते. त्या पहाटे ते चालू होते, हे विज्ञानाचे भाग्यच. त्याने नोंदवलेले सर्वाधिक त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट होते. हिशेबात धरले होते ०.०५! दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करू नये, कारण हिशेबातला जोर सतत लावल्यासारखा मानलेला असतो, तर भूकंपाचा उच्चांक सेकंदाच्या काही भागापुरता टिकून लगेच उलट दिशेला वळतो. तरीही १० पटींचा हा फरक झोप उडवणारा होता.

आता इजेकडे वळू. धरणाची उंची १०३ मीटर आहे. पायाशी त्याची जाडी सुमारे ७० मीटर, तर माथ्याशी सुमारे १५ मीटर. खालून वर जाताना नदीकडची, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध बाजूची, उतरती पाठ साधारण ६६ मीटर उंचीवर एकदम जवळजवळ उभी होते. तिथे धरणाची जाडी २० मीटरच्या आत येते आणि त्यावर माथ्याचा जड भाग उभा असतो. या जागेला अभियंते धरणाची मान म्हणतात. धरण टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा बेत काम चालू असताना बदलला आणि पूर्ण उंची एकदम गाठायचे ठरले, त्यातून हा काहीसा आगळा आकार आला. भूकंपानंतर आडव्या भेगा सापडल्या त्या या मानेच्या आसपास, पाण्याकडच्या आणि पाठीकडच्या अशा दोन्ही अंगांना. काही ठिकाणी पाठीवर पाणीही पाझरू लागले. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांना सर्वांत जास्त इजा झाली. सांडव्याच्या भागाला असा जड माथा नव्हता, तो बचावला.

मानेतच का? वर्गातल्या खडूने हे समजावता येते. अखंड खडू दोन बोटांत धरून टोकांकडून दाबा. तो सहसा मोडत नाही. तोच वाकवा, चटकन मोडतो. दाब सोसणारा आणि ताण न सोसणारा हा पदार्थ दगडी बांधकामाचा आणि काँक्रीटचा भाऊच आहे. आता दुसऱ्या खडूला वरच्या तिसऱ्या हिश्श्याशी चाकूने गोल खाच करा, माथ्यावर ओल्या मातीचा गोळा बसवा, खालचे टोक घट्ट धरून हाताला झटका द्या. आम्ही हे करून पाहिले तेव्हा पाचांपैकी चार खडू खाचेतच मोडले. पाचवा मोडलाच नाही. खाच बहुधा उथळ राहिली असावी.

खडूपेक्षा धरणात एक गोष्ट वेगळी आहे. धरण वाकते, झोके घेते. कोयना धरणाचा स्वाभाविक झोका सेकंदाला साधारण तीन वेळा होतो, आणि पायाजवळच्या जोरदार भूकंपात नेमके अशा द्रुत गतीचे हेलकावे भरपूर असतात. झोपाळ्याला त्याच्या तालात ढकलले की तो चढत जातो, तसा माथ्याचा हेलकावा पायापेक्षा कितीतरी मोठा होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी त्वरणलेखकाची नोंद घेऊन संगणकावर हे गणित मांडले. ठोकळ्याच्या जुन्या हिशेबाने भेग कुठेच पडायला नको होती. झोक्याच्या हिशेबाने मानेपाशी काँक्रीटला न सोसणारा ताण आला, प्रत्यक्षात भेगा पडल्या त्याच उंचीवर. १९७३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजही धरणांच्या भूकंपगणिताची नवी संगणकीय पद्धत कोणी तयार केली, की तिला पहिला प्रश्न कोयनेचा घालतात.

डागडुजीत भेगांमध्ये इपॉक्सी भरले, माथ्यापासून खाली पोलादी तारा ताणून बसवल्या आणि पुढे सांडव्याबाहेरच्या खंडांना पाठीमागून काँक्रीटचे धिरे दिले. मान जाड झाली, असे म्हणा.

आता आजीचे घर. तिथेही गणित तेच. फरक एवढाच की धरण एकसंध होते, आणि घर एकसंध नसते.

आपल्याकडची दगडमातीची भिंत बाहेरून एक दिसते, पण बहुधा असतात दोन: आतल्या अंगाची एक, बाहेरच्या अंगाची एक आणि मध्ये माती व कपऱ्यांची भर. हादरा बसला की भर खाली बसते, दोन्ही अंगांना बाहेर रेटते, आणि भिंत फुगून उकलते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हेच मोठ्या प्रमाणावर झाले. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांतले गोलसर दगड, वर मातीचे जड धाबे. आणि वेळ पुन्हा पहाटेची, सगळे घरात झोपलेले. काही हजार माणसे आपल्याच भिंतींखाली गेली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती कोसळूनही छत पुष्कळदा उभे राहिले.

यावरचे उपाय महागडे नाहीत. रुरकी येथे १९६० साली जयकृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झाले. तिथे संशोधकांनी रेल्वेच्या वाघिणीवर छोटी विटांची घरे बांधली आणि त्या वाघिणीला दुसऱ्या वाघिणीची धडक देऊन भूकंपाचा धक्का दिला. साध्या घराचे कोपरे उकलले. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना वेढणारा सलग पट्टा असलेले घर भेगाळले, पण उभे राहिले. पाटीच्या चार बाजू कोपऱ्यांत नीट जोडलेल्या नसतील तर पाटी हातात खिळखिळते, तसेच हे. पट्टा सळया घातलेल्या काँक्रीटचा असू शकतो, लाकडाचाही चालतो. मात्र तो कोपऱ्यात तुटता कामा नये.

दगडी भिंतीसाठी १९९३ च्या भारतीय मानकात आरपार दगडांचा नियम आहे. एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचणारा दगड दर दोन फूट उंचीला आणि आडव्या दिशेने चार फुटांच्या आत घालायचा. जुन्या भिंतीतही हे करता येते. काही दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. लातूरकडे उभ्या घरांच्या दुरुस्तीत ही युक्ती वापरली आहे. गावच्या गवंड्याला दोन दिवसांत जमेल असे हे काम आहे. जमत नाही ते बहुधा एवढ्याचसाठी, की गिलाव्याखाली गेलेला दगड पैसे देणाऱ्याला दिसत नाही.

वर्गात हे काड्यापेट्यांनी करून पाहावे. एका फळीवर पेट्यांचे दोन थर पाठीला पाठ लावून वीत-दीड वीत उंच रचा आणि फळीला कडेने टिचक्या मारा. किती टिचक्यांत दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात ते मोजून फळ्यावर लिहा. मग तेवढीच भिंत पुन्हा रचा, पण दर तिसऱ्या थरात काही पेट्या आडव्या घालून दोन्ही रांगा सांधा. आता पुन्हा टिचक्या मोजा. त्यानंतर मुलांना शाळेच्या इमारतीभोवती एक फेरी मारायला सांगा: खिडक्यांच्या वरून सलग पट्टा जातो का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, भिंत कुठे पोटाळली आहे का, हे त्यांनी वहीत नोंदवावे. कोपऱ्यातली चीर वरून रुंद आणि खाली निमुळती दिसली, तर दोन भिंती एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत असे समजावे, आणि ती वही त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जावी.