विमान उशिरा आलं, तर ते पायलटनी मुद्दाम केलं हे कसं ओळखायचं?

रिसर्च प्रपोजलमध्ये हमखास सापडणारं एक वाक्य आहे : कर्मचारी नाराज असले की कंपनीची कामगिरी घसरते. वाचताक्षणी पटतंही. पण नाराजी मोजायची कशात, आणि घसरण नाराजीमुळेच झाली हे दाखवायचं कसं, इथे बरीच प्रपोजल्स अडकतात. आज यासाठी विमान कंपन्यांचं उदाहरण घेतेय. तिथे प्रत्येक उड्डाणाची मिनिटामिनिटाची नोंद असते, आणि तरीही उत्तर सोपं नाही.

उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्यांचं मर्जर झालं. यूएस एअरवेज तेव्हा दिवाळखोरीतून बाहेर पडत होती. तिच्या बऱ्याच पायलटांची नोकरी जुनी, पण पगार कापलेले, आणि कित्येक जण ‘फर्लो’वर, म्हणजे परत बोलावेपर्यंत बिनपगारी घरी. अमेरिका वेस्टचे पायलट नोकरीत तुलनेने नवे, पण कामावर होते. आता या सगळ्यांची मिळून एकच सीनियॉरिटी लिस्ट करायची होती.

ही लिस्ट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं भांडण पोरकट वाटेल. कोणतं विमान उडवायचं, कोणत्या शहरातून, कॅप्टन कधी व्हायचं, महिन्याचं वेळापत्रक कसं मिळणार, सणाला सुट्टी मिळणार का, आणि मंदी आली तर आधी घरी कोण जाणार, हे सगळं त्या एका नंबरावर ठरतं. नोकरी बदलली की नंबर पुन्हा तळापासून सुरू. त्यामुळे पायलट सहसा कंपनी सोडत नाही, नंबर वाचवतो.

२००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यादी ठरवून दिली. यूएस एअरवेजचे सुमारे पाचशे सर्वांत ज्येष्ठ पायलट वर, फर्लोवरचे तळाशी, आणि मधल्यांची प्रमाणात सरमिसळ. म्हणजे वर्षानुवर्षं नोकरी झालेला पण मर्जरच्या वेळी घरी बसलेला पायलट, अलीकडे लागलेल्या माणसाच्या खाली गेला. यूएस एअरवेजचे पायलट, म्हणजे ‘ईस्ट’वाले, इतके भडकले की २००८ मध्ये मतदान होऊन जुनी युनियनच गेली आणि यूएसएपीए ही नवी आली. एकत्रित करार झालाच नाही. बाहेर नाव एक, आत मात्र ईस्ट आणि वेस्टचे करार वेगळे, पायलट वेगळे, विमानंही वेगळी.

मग संप का नाही केला? कारण तिथला कायदा. १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यात करार संपत नाही, फक्त ‘बदलायला खुला’ होतो. सरकारी मध्यस्थ मंडळ मोकळं करेपर्यंत दोन्ही बाजूंनी जैसे थे ठेवायचं, आणि या वाटाघाटींना मुदत नाही. ईस्टचे पायलट तोवर दिवाळखोरीतल्या पगारावरच होते. रेंगाळण्याची किंमत कोण मोजत होतं ते उघड आहे.

जुलै २०११ मध्ये कंपनी कोर्टात गेली : मे महिन्यापासून पायलट ठरवून काम संथ करतायत. युनियनचं म्हणणं, आम्ही सुरक्षिततेचा आग्रह धरतोय. सप्टेंबरअखेर शार्लटच्या फेडरल कोर्टाने कंपनीची बाजू मान्य करून मनाई हुकूम दिला. पुराव्यात आकडेवारी होती. आपल्या कामाचा भाग इथून पुढे.

समजा, हा प्रश्न तुमचा आहे. पहिला मोह वक्तशीरपणाची टक्केवारी घेण्याचा होईल. घेऊ नका, निदान एकटी घेऊ नका. अमेरिकेत ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत गेटला लागलेलं विमान ‘वेळेवर’ धरतात. चौदा मिनिटं उशीर म्हणजे उशीरच नाही. शिवाय कंपन्या वेळापत्रकातच जादा मिनिटं घालून ठेवतात. उशिराचं कारण कंपनी स्वतःच नोंदवते, आणि पायलट, दुरुस्ती, सामान, इंधन हे सगळं ‘कंपनीमुळे’ या एकाच खान्यात जातं. सकाळी एक विमान रखडलं की दिवसभर त्याच्या पुढच्या फेऱ्या रखडतात, त्या पुन्हा वेगळ्या खान्यात.

त्यापेक्षा पायलटच्या हाताजवळचं माप शोधा. गेट सोडल्यापासून चाकं जमिनीवरून उचलेपर्यंतचा वेळ, म्हणजे टॅक्सी-आउट, सरकारी डेटामध्ये उड्डाणागणिक मिळतो, फुकट. पण विमान हळू चालवलं म्हणून तो वाढला की पुढे रांग होती म्हणून? मे ते सप्टेंबर हा तिथे वादळी पावसाचाही मोसम, आणि ईस्टचे मुख्य तळ शार्लट नि फिलाडेल्फिया. वेस्टचा तळ फीनिक्स, वाळवंटात. नुसती ईस्ट-वेस्ट तुलना केलीत तर तुम्ही पायलट नाही, हवामान मोजाल.

म्हणून तुलना तिहेरी हवी. ईस्टचा याच महिन्यांतला आधीच्या वर्षांचा वेळ, वेस्टमध्ये तेवढ्याच काळात झालेला बदल, आणि त्याच विमानतळावर त्याच तासाला सुटलेल्या दुसऱ्या कंपन्यांची विमानं. रांग असेल तर सगळ्यांनाच लागेल. एक व्यावहारिक अडचण : डेटामध्ये ईस्ट-वेस्ट असा रकाना नाही, कंपनीचा कोड एकच. पण विमानाचा नोंदणी क्रमांक असतो, आणि अमेरिका वेस्टच्या बऱ्याच विमानांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एडब्ल्यू’ आहे. अशा बारीक धाग्यावर अख्खा चॅप्टर उभा राहतो, खरंच.

आधीचं संशोधनही बघा. डॅरिन ली आणि निकोलस रप यांनी २००७ मध्ये पायलटांच्या मोठ्या पगारकपातीनंतर उशीर वाढतो का हे तपासलं. परिणाम दिसला, पण पहिल्या आठवड्यापुरता, मग विरला. मला वाटतं मर्जरचं दुखणं वेगळं आहे. पगारकपात सगळ्यांवर एकदम येते आणि पचते. यादीतला शेजारी रोज दिसतो. हा माझा अंदाज, तपासण्याजोगा.

आपल्याकडे करायचं असेल तर? २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. ड्रीमलायनरचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही देण्यावरून २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डचा ५८ दिवस संप चालला. तिथे संथ कामाचा शोध घ्यायची गरज नाही, उड्डाणंच रद्द होत होती. एप्रिल २०२४ मध्ये, एअर इंडियात विलीन होण्याआधी, विस्तारामध्ये नव्या पगाररचनेवरून नाराजी असताना उड्डाणं रद्द झाली. तीही रद्द होण्यातच दिसली. त्यात डीजीसीएचे वक्तशीरपणाचे आकडे महिन्याचे, एकत्रित. आठवड्याभरात विरणारा परिणाम त्यात बुडून जाईल. तेव्हा इथे रद्द उड्डाणं हेच माप धरा आणि रोजच्या नोंदी कुठून मिळतील ते आधी बघा.

आणि ‘मी थकलोय, उडवणार नाही’ या फोनचं काय? दुरुस्तीची नोंद असो की थकव्याचा फोन, कृती तीच, हेतू दोन असू शकतात. एकाच महिन्यात असे फोन एकदम वाढले तर समूहाबद्दल काही म्हणता येतं. एका पायलटबद्दल काहीच नाही, आणि मनाई हुकुमानंतर खरोखर थकलेला पायलट फोन उचलायला कचरला का, याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते.