आग्रा रोड आणि ‘ळ’

आपल्या कॉटन ग्रीन स्टेशनच्या नावातला ‘ग्रीन’ म्हणजे रंग नव्हे, हिरवळ. फोर्टात सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर पूर्वी कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० नंतरच्या दशकात शिवडीकडच्या भरावावर, म्हणजे आमच्या वस्तीत आला. कापूस आता इथे दिसत नाही, नाव तेवढे उरले आहे. ज्या मुलुखांत तो पिकतो त्यांपैकी एखादा पाहावा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच मुंबई–आग्रा रस्त्याने निघालो. मिळेल त्या बसने, मुक्काम करीत.

हा रस्ता सुमारे १२०० किलोमीटरचा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा चार राज्यांतून जाणारा. शीव ते ठाणे हा आपला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोडच. मनात प्रश्न एकच होता : राज्य बदलते तेव्हा नेमके काय बदलते?

कसारा घाट, नाशिक, धुळे मागे टाकून शिरपूरजवळ तापी ओलांडली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. पळासनेरनंतर महाराष्ट्र संपतो, बिजासनचा घाट लागतो आणि सेंधवा येते. फलक मराठीचे हिंदी झाले, कापूस मात्र तसाच राहिला. कारण उघड आहे. लाव्हारसाच्या खडकापासून झालेली ही काळी माती ओल धरून ठेवते. त्या खडकाला कोट्यवधी वर्षे झाली. आजची राज्ये १९५६ आणि १९६० सालची.

भाषेचे तर याहून नवल. हिंदी फलकांवर ‘ळ’ दिसत नाही. पण निमाडी बोलणाऱ्या सहप्रवाशांच्या तोंडी तो स्वच्छ ऐकू आला. उलट अलीकडे, महाराष्ट्रात, अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो. म्हणजे आपण ज्याला मराठीची खूण समजतो, तो ‘ळ’ सीमा मानीत नाही.

खरे बदल दिसले ते राज्यांच्या आत. खलघाटला नर्मदा ओलांडून मानपूरजवळ घाट चढलो की माळव्याचे पठार लागते. तिथे सोयाबीन आणि गहू. गुण्याच्या पुढे काळी माती हळूहळू सरते. मोरेना आणि धौलपूर यांच्यामध्ये चंबळा ही राज्यांची सीमा. पण दोन्ही काठांना बीहड सारखेच.

मग सीमारेषा निरर्थक का? नाही. मूल शाळेत कोणत्या भाषेत शिकणार, हे तीच ठरविते. निमाडी मूल हिंदीत शिकते, अहिराणी मूल प्रमाण मराठीत. दोघांनाही घरचे बोलणे ‘अशुद्ध’ आहे असे ऐकावे लागते, आणि मग पुष्कळ मुले वर्गात तोंडच उघडीत नाहीत. आपल्या वर्गातही घरी मालवणी, वऱ्हाडी, घाटावरची बोली बोलणारे आहेत. आमच्यासारख्या घरांतून कॉलेजात प्रथमच आलेल्यांना ही भीती नवी नाही.

प्रमाणभाषा हवीच, तिच्यावाचून परीक्षा नाही, नोकरी नाही. पण ती फलकावरची भाषा आहे. फलकाखालच्या मातीत बोली आहेत, आणि त्या कुणाच्या चुका नव्हेत. इतके मान्य झाले, तरी आपल्यातले गप्प बसणारे पुष्कळजण बोलू लागतील.