अमेरिकी स्वातंत्र्याची मुळं इंग्लंडमध्येच!

४ जुलै १७७६ ही तारीख सगळ्यांना ठाऊक असते. पण अमेरिकेतल्या वसाहतींना स्वतःचा कारभार चालवण्याची सवय त्याआधी दीडशे वर्षांपासून होती.

🔹 १६०६ : व्हर्जिनियाच्या सनदेत राजा पहिला जेम्स यानं लिहून दिलं की, वसाहतीतल्या लोकांना आणि त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांचेच हक्क मिळतील. पुढे हेच कलम राजसत्तेला जड गेलं.

🔹 १६१९ : जेम्सटाउनच्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. त्याच वर्षी गुलाम केलेले आफ्रिकी लोकही व्हर्जिनियात आणले गेले. ही विसंगती सुरुवातीपासूनचीच!

🔹 १६२० : ‘मेफ्लॉवर’ जहाजावर ४१ पुरुषांनी करारावर सह्या केल्या : आपले कायदे आपण करू. राजाशी निष्ठा मात्र कायम.

🔹 १६८९ : इंग्लंडच्या हक्कांच्या कायद्यानं ठरवलं की, पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाला कर लावता येणार नाही.

वसाहतींतल्या सभांनीही तिजोरीची किल्ली हातात ठेवली. अनेक ठिकाणी गव्हर्नरचा पगार सभाच मंजूर करी. साहेब फार ताठरले की पगार अडायचा!

मग १७६५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं स्टॅम्प कायदा लादला. वसाहतींचा सवाल सरळ होता : तिथे आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग कर कसला? म्हणजे त्यांनी आधी मागितले ते इंग्रजांचेच जुने हक्क. ते नाकारले गेले, तेव्हा स्वातंत्र्याची भाषा सुरू झाली.

आणि गंमत म्हणजे, ‘क्रूर आणि असाधारण शिक्षा नकोत’ ही १६८९ ची तरतूद १७९१ मध्ये अमेरिकी राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत जवळपास शब्दशः उतरली!