उघडे दार आणि पुढचा जिना

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हार्वर्ड, प्रिन्स्टन किंवा मॅसॅच्युसेट्सची ती विख्यात तंत्रसंस्था उभी राहते. परंतु त्या देशात दुसऱ्याही एका जातीची सुमारे हजार महाविद्यालये आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्यांना तेथे 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात. शिक्षणक्रम दोन वर्षांचा, शुल्क विद्यापीठाच्या मानाने पुष्कळच कमी, आणि प्रवेशासाठी गुणांची चाळणी नाही. शाळा पूर्ण केलेला कोणीही यावे. दिवसभर दुकानात उभा राहणारा तरुण, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी आई, नुकताच त्या देशात आलेला आणि इंग्रजीत अडखळणारा कामगार, परिचारिका होऊ पाहणारी मुलगी, असे हे विद्यार्थी. येथील दोन वर्षांनंतर काही जण नोकरीला लागतात, तर काही विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षे पुरी करतात.

या प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना. आरंभी विद्यार्थी होते अवघे सहा! पुढे १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव सर्वतोमुखी झाले.

दार उघडले. मात्र दारातून आत आलेला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो का, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ क्लेशकारक राहिले आहे. या महाविद्यालयांत प्रथमच आणि पूर्ण वेळ नाव घातलेल्या विद्यार्थ्यांपैकी तीन वर्षांच्या आत तेथील शिक्षणक्रम पुरा करणारे दहांत जेमतेम तीन निघतात. काही जण मधूनच विद्यापीठात जातात, तो हिशेब निराळा धरला तरी वाटेत गळणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

ही गळती होते कशी? तिचे एक कारण विद्यार्थ्यांच्या हितासाठीच योजलेल्या व्यवस्थेत दडलेले होते. प्रवेश मिळताच विद्यार्थ्याची गणिताची आणि भाषेची छोटीशी चाचणी होई. तीत कमी पडला की त्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसविले जाई. गणितात असे वर्ग कित्येकदा एकावर एक तीन असत. त्यांचे शुल्क द्यावे लागे, सरकारी अनुदानाचा काही भाग त्यात खर्ची पडे, पण पदवीच्या खात्यात एकही गुणांक जमा होत नसे. वाचकांनी थोडे गणित करून पाहावे. शंभर विद्यार्थी पहिल्या पायरीवर उभे आहेत आणि प्रत्येक पायरी ओलांडून पुढच्या वर्गात नाव घालणारे शेकडा ७० आहेत, असे समजू. ७० हे प्रमाण काही वाईट नव्हे. तरीही दुसऱ्या पायरीवर ७० पोहोचतील, तिसरीवर ४९, आणि महाविद्यालयाच्या खऱ्याखुऱ्या गणिताच्या वर्गात ३४. कोणीही कोणाला बाहेर काढले नाही. तरी ६६ जण वर्गाचे तोंडसुद्धा न पाहता परतले. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या चाचण्या तपासल्या, तेव्हा असेही दिसले की पूर्वतयारीत अडकलेल्यांपैकी पुष्कळ जण थेट मुख्य वर्गात बसले असते तरी निभावून गेले असते.

बाल्टिमोर परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकविणारे पीटर ॲडम्स यांनी यावर एक साधा उपाय काढला. २००७ पासून त्यांनी कच्च्या समजल्या गेलेल्या काही विद्यार्थ्यांना मुख्य इंग्रजीच्या वर्गातच इतरांबरोबर बसविले. तास संपला की याच विद्यार्थ्यांचा छोटा गट त्याच शिक्षकासमोर आणखी एक तास बसे आणि आपल्या शंका, आपले निबंध, एवढेच नव्हे तर आपल्या घरच्या अडचणीही मोकळेपणाने मांडी. आधाराचा तास मुख्य तासाच्या अगोदर न घेता सोबत घेतला, इतकाच काय तो फरक. टेनेसी राज्याने २०१५ मध्ये हीच रीत आपल्या सर्व कम्युनिटी कॉलेजांना लावली, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून शाळेतील गुणांना चाचणीपेक्षा अधिक मान दिला. तेथील काही शिक्षकांची तक्रार अशी की, अपूर्णांकही न येणाऱ्या विद्यार्थ्याला हा जोडतास पुरत नाही. ती तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे मला वाटत नाही.

शंका विचारण्याची लाज हा तर सर्व देशांतील विद्यार्थ्यांचा सामाईक रोग! आपल्याकडे एकदा 'ढ' म्हणून शिक्का बसला की मुलगा मागच्या बाकावरून हलत नाही. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ मध्ये डीना मार्टिन यांनी या लाजेला मोठ्या युक्तीने बगल दिली. कच्चे विद्यार्थी निवडून त्यांना बोलावण्याऐवजी त्यांनी अवघड विषय निवडले. ज्या विषयात पुष्कळ जण नापास होतात, त्या विषयाच्या वर्गाला एक जादा बैठक जोडली, आणि तिला हुशार, मध्यम, कोणीही यावे असे ठेवले. बैठक चालवितो तो तोच विषय पूर्वी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी. तो प्राध्यापकांच्या तासाला पुन्हा बसतो, टिपणे घेतो, आणि नंतरच्या बैठकीत स्वतः व्याख्यान न देता मुलांनाच एकमेकांना समजावून सांगायला लावतो. तेथे येणारा कच्चा ठरत नाही, कारण कच्चा ठरला आहे तो विषय! ही पद्धत पुढे कम्युनिटी कॉलेजांनीही आपलीशी केली.

पुस्तकांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत एकेका पाठ्यपुस्तकाची किंमत शंभर डॉलरच्या वर जाणे नवल नाही, आणि सत्राला चार-पाच विषय असतात. त्यामुळे पुस्तकाविना सत्र काढणारे विद्यार्थी तेथेही असतात. ग्रंथालये एखादी प्रत राखून ठेवून ती दोन-दोन तासांच्या बोलीने वाचायला देतात. टेक्सासमधील राइस विद्यापीठाने २०१२ पासून 'ओपनस्टॅक्स' या नावाने भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांची पाठ्यपुस्तके तज्ज्ञांकडून लिहवून संगणकावर सर्वांना विनामूल्य खुली केली. आपल्या घरी बसूनही ती उतरवून घेता येतात. व्हर्जिनियातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजाने २०१३ मध्ये असा एक संपूर्ण पदवीक्रमच आखला की, ज्यात विद्यार्थ्याला पुस्तकांवर एक डॉलरही खर्चावा लागू नये. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर रसायनशास्त्र वाचणे डोळ्यांना सुखाचे नाही, हे मात्र खरे.

परंतु या साऱ्यांत सर्वांत बोलका प्रयोग न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचा. 'असॅप' या संक्षिप्त नावाने तो २००७ मध्ये सुरू झाला. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे, ही अट. त्या बदल्यात शुल्कातील उरलेली तूट विद्यापीठ भरून काढी, पुस्तकांना मदत देई, शिकवणीची सोय करी आणि प्रवासाचा मोफत पासही देई. मुख्य म्हणजे, एरवी एका मार्गदर्शकाच्या वाट्याला सहाशेहून अधिक विद्यार्थी येत, तेथे या योजनेत साठ ते ऐंशीच ठेवले होते. २०१० मध्ये एका स्वतंत्र संशोधन संस्थेने ८९६ विद्यार्थी घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. सगळे गरीब घरचे, आणि सगळ्यांना पूर्वतयारीची गरज सांगितलेली. तीन वर्षांनी नेहमीच्या सोयी मिळालेल्या गटातून शेकडा २२ पदवीधर झाले, 'असॅप'मधून ४०. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे दीडपट झाला खरा, पण पदवी मिळविणारेच इतके वाढले की दर पदवीमागे पडणारा खर्च उलट कमी भरला! पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांनी हाच कित्ता गिरविला, तेव्हा तेथेही १९ च्या जागी ३५ असे प्रमाण आले.

प्रवासाच्या पासाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तो सरसकट वाटला जात नसे. मार्गदर्शकाच्या भेटी आणि शिकवणी यांत जो नियमाने येई, त्यालाच मिळे. पासाच्या निमित्ताने आलेला विद्यार्थी खुर्चीवर बसे, आणि मग गणिताचा पेपर कसा गेला, रात्रपाळी बदलून मिळाली का, असे बोलणे निघे.

शिकणाऱ्याच्या पोटापासून विचार सुरू करण्याची ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. कम्युनिटी कॉलेज या नावाची संस्थाही आपल्याकडे १९९५ पासून पाँडिचेरीला आणि पुढच्याच वर्षी मद्रासला दिसू लागली, आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तिच्यासाठी योजना आखली. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या मराठी माणसासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

आपल्या घरातील कोणी अशा ठिकाणी नाव घालणार असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासकेंद्रात जाऊन दोन-चार गोष्टी खुशाल विचाराव्यात. सर्वांत अवघड विषयाची संपर्क सत्रे किती, आणि ती सुटीच्या दिवशी होतात काय? पुस्तके सत्राच्या आरंभी हाती पडतात की परीक्षेच्या तोंडावर? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? आणि महिनाभर विद्यार्थी फिरकला नाही, तर त्याची चौकशी कोण करते? शेवटच्या प्रश्नाला एखाद्या व्यक्तीचे नाव उत्तरादाखल मिळाले, तर ते नाव आणि त्यांची भेटीची वेळ त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.