माशांवरील पांढरे ठिपके

घरातील काचेच्या पेटीत चार सोनेरी मासे सुखाने पोहत असतात. एके दिवशी बाजारातून पाचवा मासा आणून त्यांच्यात सोडला जातो. आठ-दहा दिवसांनी एका माशाच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा दगडांवर अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात थांबतो, अन्नाकडे वळत नाही. पुढे काही दिवसांत ते ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे समजून घरातील मंडळी निर्धास्त होतात. खरा घात येथेच होतो.

हा ठिपका म्हणजे कातडीवरचा डाग नव्हे. तो एक जिवंत प्राणी आहे. त्याचे सारे शरीर एकाच पेशीचे असते, तरी वाढून तो जवळजवळ एक मिलिमीटर होतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू आणि आत घोड्याच्या नालासारखे वाकलेले केंद्रक दिसते. १८७६ साली फुके या फ्रेंच संशोधकाने त्याचे वर्णन करून त्याला ‘इक्थिओप्थिरियस मल्टिफिलिस’ असे लांबलचक नाव दिले. त्याचा अर्थ ‘पुष्कळ मुले असलेली माशांची ऊ’. ऊ आणि या प्राण्याचे काही नाते नाही. पण पुष्कळ मुलांची गोष्ट मात्र अगदी खरी आहे.

माशाच्या कातडीखाली राहून, त्याच्याच शरीरावर पोसून हा परोपजीवी पुरेसा वाढला, की तो बाहेर पडतो आणि पेटीच्या तळाशी जाऊन चिकटतो. तेथे तो स्वतःभोवती कोश तयार करतो. कोशाच्या आत एकाचे दोन, दोहोंचे चार असे विभाजन चालते आणि अखेर शेकडो पिले पाण्यात सुटतात. त्यांना दोन दिवसांच्या आत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. बंद पेटीत मासा मिळण्यास कितीसा वेळ लागणार? जेथे पाच ठिपके होते तेथे पन्नास उमटतात. कल्ल्यांवरही ते बसतात. मग माशाला श्वास घेणे कठीण होते आणि तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो.

कातडीखाली किंवा कोशात असेपर्यंत या शत्रूला औषध लागू पडत नाही. तो पिलांच्या रूपाने पाण्यात मोकळा फिरतो, तेवढ्याच काळात त्याला गाठता येते. म्हणून ठिपके मावळल्यावर उपचार थांबवणे म्हणजे नेमक्या वेळी शस्त्र खाली ठेवणे होय. दर लिटर पाण्यास सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरच्या पेटीस ऐंशी ग्रॅम, आयोडीन नसलेले मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घालावे. सोनेरी मासे ते सोसतात. बिनखवल्यांचे मासे आणि पाणवनस्पती यांना मात्र ते बाधते. तळाचा गाळ रबरी नळीने रोज काढावा, कारण त्याबरोबर कोशही जातात. जेवढे पाणी काढले तेवढ्याच्या हिशेबाने मीठ पुन्हा घालावे. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर हा क्रम चालू ठेवावा. थंडीच्या दिवसांत तर अधिकच, कारण गार पाण्यात हा जीवनक्रम फार सावकाश चालतो. दुकानात मिळणारी काही औषधे विषारी असतात. ती वडीलधाऱ्या माणसांनीच हाताळावीत.

प्रत्येक पांढरा ठिपका रोगाचा नसतो. विणीच्या हंगामात सोनेरी नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक उंचवटे येतात. त्याला उगाच मिठात घालू नये.

आता त्या पाचव्या माशाविषयी. या रोगातून वाचलेल्या माशाच्या अंगी बरीच प्रतिकारशक्ती येते. असा मासा धडधाकट दिसतो, आणि तरीही एखादा परोपजीवी त्याच्या कल्ल्यांत दडलेला असू शकतो. म्हणून जाणते लोक नवा मासा तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवतात आणि त्या भांड्याची जाळीसुद्धा मोठ्या पेटीत बुडवत नाहीत.